पी.टी.च्या दिवशी दुखणारं पोट

प्रिय ताई,
आम्ही मांजलपूरला राहतो. मुलगी सातवीत आहे, अभ्यासात चांगली आहे. दिवाळीनंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग माझ्या लक्षात आलं, त्या दोन दिवशी पी.टी. असते, पांढरा गणवेश घालून जायचं असतं. हळूहळू विचारल्यावर ती बोलली. सरांनी सगळ्या वर्गासमोर वजनं घेतली आणि मोठ्याने सांगितली. धावण्यात ती सगळ्यांच्या मागे राहिली तेव्हा मुलं हसली. शुक्रवारचा तास बहुतेक वेळा गणिताच्या बाई मागून घेतात, त्या दिवशी ही खुशीत घरी येते. सासरे म्हणतात, आम्ही दांडियाबाजारच्या आखाड्यात जोर काढत मोठे झालो, हिला तिकडे घाला. मिस्टर म्हणतात, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून पी.टी.तून सूट घेऊ, तेवढाच अभ्यासाला वेळ मिळेल. मी यंदा पालक-शिक्षक मंडळावर आहे. पुढच्या महिन्यात सभा आहे. तिथे बोलावंसं वाटतं, पण लोक म्हणतील, स्वतःच्याच मुलीची तक्रार घेऊन आली. काय करू?
— एक आई, वडोदरा

सर्टिफिकेट आणू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण बाकीचं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, पण ते सर्टिफिकेट याच आठवड्यात येईल अशी मला भीती वाटते. मी बडोद्याच्या शाळांत 31 वर्षं पी.टी. शिकवली. असा कागद एकदा फायलीला लागला की दहावीपर्यंत निघत नाही. मुलीला आजार नसतो, पण वर्ग तिला आजारी समजू लागतो, आणि वर्षभरात तीही स्वतःला तसंच समजू लागते.

तिचं पोट खरंच दुखतं, हेही घरात सगळ्यांना सांगा. भीतीने पोटात गोळा येतो असं आपण म्हणतो, तो येतोच. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून ती नाटक करते असं कुणी म्हणू नये.

तुमच्या मुलीच्या सरांनी जे केलं ते मीही केलं आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. शाळेच्या हॉलमध्ये वजनकाटा ठेवला होता. मी आकडा मोठ्याने वाचायचे आणि एक मुलगी रजिस्टरमध्ये लिहायची, कारण तसं पटापट उरकायचं. आठवीतली एक मुलगी काट्यावर चढली, मी आकडा वाचला, मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि हशा झाला. ती उतरली, खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती. पुढच्या तिघी-चौघींची वजनं होईपर्यंत ती तशीच वाकून राहिली. पुढच्या आठवड्यात तिने सर्टिफिकेट आणलं. त्यानंतर दहावीपर्यंत माझ्या प्रत्येक तासाला ती लिंबाखाली बसून मैत्रिणींची घड्याळं आणि केसांच्या क्लिपा सांभाळत असे. मी तिला कधी उठवलं नाही. सर्टिफिकेट होतं ना! माझी चूक मला कळायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तोवर तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती.

वजन घेऊ नये असं मी म्हणत नाही. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत उंची-वजन असतंच. त्याबरोबर 50 मीटर आणि 600 मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि हातांचे व्यायाम असं सगळं असतं. मुलाची जूनमधली ताकद आणि फेब्रुवारीतली ताकद समोरासमोर ठेवून बघता यावी, यासाठी ते आकडे कामाचे आहेत. मग काटा पडद्याआड ठेवावा, एका वेळी एकाच मुलाला आत घ्यावं, आकडा सरांनी स्वतः लिहावा. वेळ दहा मिनिटं जास्त लागेल, एवढंच. आणि बारा-तेराव्या वर्षी मुलींच्या अंगावर थोडं चढतं, ती शरीराची तयारी असते. उंचीच्या मानाने वजन खरंच जास्त आहे का ते डॉक्टरांना वाढीच्या तक्त्यावर बघू द्या. घरात कुणी तिची पोळी मोजू नये.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, मी मात्र तिथेच थांबले. पांढरा गणवेश. सातवीतल्या मुलीला पाळी सुरू झाली असेल किंवा होण्याच्या बेतात असेल. पांढऱ्या कपड्यात, मुलांसमोर, डाग पडेल या धास्तीने मुली उडी मारत नाहीत, मांडी घालून बसत नाहीत, सारखा मागे हात नेऊन बघतात. मैदानाजवळ पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर मग विचारूच नका. तिची पोटदुखी फक्त वजनामुळे आहे की यामुळेही, हे तिला एकटीला विचारा, सासरे आणि मिस्टर घरात नसताना. आणि पी.टी.च्या दिवशी सगळ्या मुलींना गडद निळी ट्रॅक पॅण्ट चालेल का, हा प्रश्न सभेच्या यादीत पहिला घाला. यात शाळेला खर्च नाही आणि यावर कुणी वाद घालणार नाही. मी माझ्या शेवटच्या शाळेत हा बदल करून घेतला, तेव्हा लंगडीच्या संघासाठी नावं द्यायला आठवीच्या मुली पहिल्यांदा आपणहून आल्या.

दुसरं घरचं काम म्हणजे तिचं हिमोग्लोबिन तपासा. धावताना सगळ्यांच्या मागे पडते, दम लागतो, याचं कारण कधी कधी रक्तात असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या मुलींमध्ये शंभरात 59 जणींना रक्तक्षय आढळला, आणि तो त्या वयाला अचानक होत नाही, आधीपासून चालत आलेला असतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर डॉक्टरांशी बोला. सोनोग्राफी करून झाली आहे, मग ही साधी तपासणी राहू नये.

सभेबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे मी जरा सविस्तर लिहिते.

सभेआधी एका मंगळवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पी.टी.च्या तासाला मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसा. हातात घड्याळ असू द्या. तुमच्या मुलीचा वर्ग नको, दुसरा कुठलाही घ्या. रांगेतली शेवटची मुलगी हेरा आणि तास सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती प्रत्यक्ष किती वेळ हलली ते मोजा. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी हे दुसऱ्याच्या तासाला केलं होतं. तास 35 मिनिटांचा. वर्ग दुसऱ्या मजल्यावरून रांगेने खाली येईपर्यंत 6 मिनिटं गेली. हजेरी, बूट, नखं यात 5. परत जाण्यासाठी शिट्टी 5 मिनिटं आधी. उरली 19 मिनिटं. मुली 48 आणि चेंडू एक. एकीने फेकायचा, आणायचा, पुढचीला द्यायचा. 19 मिनिटांत 48 जणी म्हणजे एकीच्या वाट्याला पुरते 24 सेकंदही येत नाहीत. आणि वेळापत्रकात मात्र शारीरिक शिक्षणाचा तास झाला अशी नोंद होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलं आहे की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असं काहीतरी करावं. जगभरात 11 ते 17 वयाची शंभरात 81 मुलं एवढंही करत नाहीत, हे 146 देशांच्या पाहणीतून 2019 मध्ये पुढे आलं. तुमच्या शाळेचे दोन्ही तास नीट झाले तरी आठवड्याला 70 मिनिटं होतात, हवीत 420. म्हणजे सगळा भार शाळेवर टाकता येणार नाहीच. पण मांजलपूर, वासणा, गोत्रीच्या फ्लॅटांत राहणाऱ्या पोरांना शाळा सुटल्यावर क्लास, क्लास सुटल्यावर अंधार. त्यांच्यासाठी ती 70 मिनिटं फार मोलाची आहेत, म्हणून शुक्रवारचा तास गणिताला देऊन टाकणं मला सहन होत नाही.

गणिताच्या बाईंशी भांडू नका. पोर्शन पुरा झाला नाही तर त्यांनाच बोलणी बसतात. मुख्याध्यापकांना मात्र सभेत विचारा की या सहामाहीत सातवीचे पी.टी.चे किती तास लागले होते आणि किती झाले. आकडा मागा, आरोप करू नका. व्यायामाला जास्त वेळ दिल्याने मार्क घसरत नाहीत, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मिस्टरांसाठी आणखी एक गोष्ट सांगते: चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर उन्हात नेलं, आणि तीन वर्षांनी बघितलं तेव्हा लांबचं धूसर दिसू लागलेली मुलं नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांपेक्षा कमी निघाली. बाहेर नेलेल्यांत शंभरात साधारण 30, नेहमीच्या शाळांत 39-40. गणित फळ्यावरूनच वाचायचं असतं!

नियमांचा आधार हवा असेल तर तोही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदान आणि प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात खेळ आणि अभ्यास यांच्यात भिंत नको असं म्हटलं आहे. सी.बी.एस.ई.ने 2018 मध्ये नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी ठेवायला सांगितलं. तुमची शाळा गुजरात बोर्डाची असली तरी उदाहरण म्हणून ते सांगता येतं. मात्र सभेत कायद्याने सुरुवात केलीत तर समोरचे लोक लगेच ताठ होतात. आधी घड्याळाचा हिशोब मांडा, कायदा पर्समध्ये राहू द्या.

पी.टी.च्या सरांना सभेत गाठू नका. त्याआधी एकटं भेटा. एक माणूस, आठ-दहा वर्ग, शिवाय बसची ड्युटी, 15 ऑगस्टची परेड, स्पोर्ट्स डे, जत्रेसारखी गर्दी आवरायची ती यांनीच. आणि मुख्याध्यापक त्यांना वर्षातून एकदाच काहीतरी विचारतात: जिल्ह्याला आपली किती पदकं? मग सर दहा चांगली मुलं धरतात आणि बाकीची अडतीस कट्ट्यावर. त्यांना नुसतं सांगा की मुलगी तुम्हाला घाबरते असं नाही, ती हसण्याला घाबरते, आणि ते हसणं तुम्ही थांबवू शकता. बहुतेक सर हे ऐकतात. वजनाचा विषयही तेव्हाच काढा.

मग त्यांना खेळाचं विचारा. मला स्वतःला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट ही की ‘आउट झालास, बस’ या खेळांत सगळ्यात कच्चं मूल सगळ्यात आधी बसतं आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. ज्याला सरावाची गरज त्यालाच तो मिळत नाही. नियम एवढाच बदलायचा: आउट झालेल्याने कडेला जाऊन दोरीवरच्या वीस उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. कप्तानांनी एकेक नाव घेऊन गडी निवडायचे, हेही बंद. शेवटी उरलेल्या मुलीला त्या दोन मिनिटांत काय वाटतं ते तुमच्या लेकीला विचारा, ती सांगेल. त्यापेक्षा एक-दोन, एक-दोन असे आकडे मोजून गट पाडले की झालं. अठ्ठेचाळीस जणींना एका चेंडूऐवजी चार ठिकाणी चार गोष्टी: इथे लंगडी, तिथे लगोरी, पलीकडे दोऱ्या, भिंतीशी झेल. शिट्टी वाजली की गट पुढे सरकतात. लंगडीला तर साहित्यच लागत नाही, चुन्याची रेघ पुरते, आणि एका पायावरच्या उड्यांनी हाडांना जो दाब मिळतो तोच वर सांगितलेल्या आठवड्यातल्या तीन दिवसांत अपेक्षित आहे. एप्रिलमध्ये बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पी.टी. पहिल्या तासाला घ्या, बाराच्या उन्हात नको. शाळेच्या बस मैदानात उभ्या राहत असतील तर तेवढ्या दोन तासांपुरत्या बाहेर काढा.

कॅण्टीनचं थोडक्यात. फार गोड, फार खारट, फार तेलकट पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत असा एफ.एस.एस.ए.आय.चा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. सभेत एकदा आठवण करून द्या, पण या सभेचा मुख्य विषय तो होऊ देऊ नका, नाहीतर दोन तास वेफर्सवर चर्चा होईल आणि मैदान राहून जाईल.

सासऱ्यांचं म्हणणं मला मनापासून आवडलं. प्रो. माणिकरावांनी आपले उस्ताद जुम्मादादा यांचं नाव देऊन दांडियाबाजारात जे व्यायाम मंदिर उभं केलं, त्याच्या मातीत या शहरातल्या किती घरांची मुलं घडली. 1923 मध्ये हुतूतूच्या अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यात झाल्या, त्या इथल्याच हिंद विजय जिमखान्याच्या नियमांनी. व्यायामाचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश द. चिं. मुजुमदारांनी इथे बसून पुरा केला. आणि गावोगाव प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे सयाजीराव महाराज याच बडोदा संस्थानाचे. 1893 ला अमरेलीत सुरुवात आणि 1906 ला सगळ्या संस्थानात. असं असताना आपल्या शाळेत एक चेंडू आणि अठ्ठेचाळीस मुली असाव्यात याचं मला वाईट वाटतं. लेझीम किंवा सांघिक कवायत आठवून बघा: शंभर मुलं असली तरी एकाच ठेक्यावर शंभरही हलतात, बाकावर बसलेलं कुणी नसतं, आणि पुढच्या ओळीतल्याइतकाच मागच्या ओळीतल्याला घाम येतो. सासऱ्यांना म्हणावं, आखाड्यातलं हे शाळेत आणायला मला मदत करा. ते सभेला तुमच्याबरोबर आले तर फार बरं. आजोबा उठून बोलले की लोक ऐकतात. मुलीला आखाड्यात घालायचं का, ते तिला एकदा तिथे नेऊन, मल्लखांब दाखवून, तिलाच ठरवू द्या. धाकाने नको. शाळेतली शिक्षा चुकवायला दुसरी शिक्षा, असं तिला वाटता कामा नये.

आणि ती नवरात्रात गरबा खेळते का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बडोद्यातली बारा वर्षांची मुलगी म्हटल्यावर मी धरून चालते. अनवाणी, मोठ्या वर्तुळात, नऊ रात्री, तीन-तीन तास. जी मुलगी 600 मीटरला मागे पडते तीच मुलगी तीन टाळीच्या वेगात रात्री बारापर्यंत थकत नाही, हे मी माझ्या विद्यार्थिनींमध्ये दरवर्षी पाहिलं. तिथे कुणी शिट्टी वाजवत नाही, कुणी पहिलं-शेवटचं येत नाही, वर्तुळाला शेवटच नसतो. या गरब्याची 2023 मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशात नोंद केली. आपल्या शाळांनी अजून पी.टी.च्या तासात केलेली नाही. सरांना म्हणा, तासाची पहिली दहा मिनिटं गरब्याची ठेवा, मोबाइलवर गाणं लावा, मुलगेही आत घ्या. आणि घरी तिला नुसतं आठवण करून द्या, ‘तुझ्यात दम आहे, मी ऑक्टोबरमध्ये बघितला आहे.’ वजनाचं नाव काढू नका. संध्याकाळी तुम्ही दोघी अर्धा तास चालायला जा, रविवारी कमाटीबागेत सकाळी सायकल घेऊन जा. तुम्हीही चाला, नुसतं बाकावर बसून तिच्याकडे बघू नका.

सभेत लोक म्हणतील स्वतःच्या मुलीसाठी आली. म्हणू द्या. दुसऱ्या वर्गातल्या, नावही माहीत नसलेल्या मुलीची मिनिटं तुमच्या कागदावर असतील, तेव्हा हे बोलणं फार टिकणार नाही. बोलताना तुमच्या लेकीचा उल्लेख करू नका, तिने तशी परवानगी दिली असली तरीही. उद्या तिला त्याच वर्गात बसायचं आहे.

या मंगळवारी तिला शाळेत पाठवा. दप्तरात एक गडद पॅण्ट आणि लागेल ते सामान ठेवा, आणि वर्गशिक्षिकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की तिने पॅण्ट बदलली तर टोकू नका. घड्याळ घेऊन पायऱ्यांवर बसाल त्या दिवशी संध्याकाळीच मला आकडा कळवा.